गेटवे सुरू केल्यावर तेच संदेश पुन्हा पुन्हा येणे: फिडोनेट आणि यूझनेट जोडतानाची जुनी अडचण

फिडोनेटच्या (फोनवरून संदेश देणाऱ्या-घेणाऱ्या बीबीएसच्या जाळ्याच्या) तंत्रावर चालणारी बीबीएस, म्हणजे संगणकावरचा संदेशफलक, आणि यूझनेटच्या (सार्वजनिक चर्चांच्या दुसऱ्या जाळ्याच्या) धर्तीचा न्यूज सर्व्हर यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे एकीकडचे संदेश दुसरीकडच्या साच्यात बदलणारी प्रणाली, बसवला, की सुरुवातीचे काही दिवस सगळे सुरळीत चालते. मग एके सकाळी एखादा संदेश दुसऱ्यांदा आलेला दिसतो. थोड्या वेळाने तोच तिसऱ्यांदा येतो, तेव्हा त्याचा विषय मध्येच तुटलेला असतो, लेखकाच्या नावाच्या जागी गेटवेचे नाव असते आणि मजकुराखाली एकाऐवजी दोन ओरिजिन ओळी (संदेश कुठल्या बीबीएसवरून निघाला ते सांगणाऱ्या) असतात. अपलिंकच्या, म्हणजे आपल्याला संदेश पुरवणाऱ्या बीबीएसच्या, सिसॉपचा (चालकाचा) तंबी देणारा नेटमेल (खासगी पत्र) येतो, आपण टॉसरमधल्या (आलेले संदेश वाटून देणाऱ्या प्रोग्राममधल्या) डुप-तपासणीची, म्हणजे दुबार प्रती ओळखण्याची, नोंदवही मोठी करतो, आठवडाभर शांतता लाभते आणि पुन्हा तेच सुरू होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पहिले गेटवे चालवणाऱ्यांना याच अडचणीने सतावले होते आणि हौसेने ही जाळी आजही चालवणाऱ्यांनाही तीच सतावते, कारण दोन्हीकडचे मूळ साचे तेव्हापासून फारसे बदललेले नाहीत.

डुपची नोंदवही वाढवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. टॉसर आपले काम चोख करत असतो. त्याच्यासमोर येणारा संदेश त्याच्या लेखी खरोखरच नवा असतो, कारण गेटवेने भाषांतर करताना त्याची जुनी ओळख पुसून नवी दिलेली असते. ही ओळख दोन्ही दिशांनी कशी टिकवायची, एवढाच या दुखण्याचा गाभा आहे, आणि पुढचे सर्व उपाय त्याच्याच भोवती आहेत.

दोन जाळी, दोन गृहीतके

टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बाल्टिमोरच्या जॉन मॅडिल यांच्या बीबीएसशी रात्रीच्या स्वस्त दराच्या वेळेत फोनवरून संदेशांची देवघेव सुरू केली, तेव्हा फिडोनेटमध्ये फक्त नेटमेल होता, म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पत्र. सार्वजनिक चर्चा नंतर आली. डॅलसच्या जेफ रश यांनी १९८५-८६च्या सुमारास इकोमेल रचले ते याच नेटमेलच्या पाठीवर बसवून. त्यामुळे इकोमेलचा संदेश म्हणजे वेष पालटलेला नेटमेलच असतो. मजकुराच्या पहिल्या ओळीत ‘एरिया’ लिहून चर्चेचे नाव येते, शेवटी तीन आडव्या रेघांची टेअर ओळ आणि ओरिजिन ओळ येते, आणि त्याखालच्या ‘सीन-बाय’ ओळींमध्ये हा संदेश ज्या ज्या नोडपर्यंत (जाळ्यातल्या बीबीएसपर्यंत) पोहोचला त्यांची यादी असते. संदेशाची वाट नोंदवणारी ‘पाथ’ ही ओळ ऐच्छिक मानली गेली. संदेशाला स्वतःचा असा ओळख-क्रमांक सुरुवातीला नव्हताच. ‘एमएसजीआयडी’ ही ओळ १९९१च्या एफटीएस-०००९ या मानकाने रूढ केली आणि तीही सक्तीची नव्हती.

यूझनेटचा जन्म ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन विद्यापीठांमध्ये १९७९-८० मध्ये झाला. टॉम ट्रस्कॉट, जिम एलिस आणि स्टीव्ह बेलोविन यांची ही मंडळी युनिक्सच्या यूयूसीपी या फाइल-देवघेवीच्या सोयीवरून बातम्या फिरवत होती. डिसेंबर १९८७च्या आरएफसी १०३६ या मानकाने प्रत्येक लेखासाठी ज्या सहा ओळी अनिवार्य ठरवल्या, त्यांत ‘मेसेज-आयडी’ आणि ‘पाथ’ या दोन्ही आहेत.

वरवर पाहता दोन्हीकडे पाथ आहे आणि दोन्हीकडे आयडी आहे, तेव्हा एकाचे दुसऱ्यात रूपांतर केले की झाले, असे वाटते. तसे होत नाही, कारण दोघांची गृहीतके परस्परविरुद्ध आहेत. यूझनेट हा पूर आहे: एकच लेख तीन वाटांनी आला तरी चालतो, कारण तो आयडी इतिहासाच्या फाइलमध्ये सापडला की यंत्र दुसरी प्रत मुकाट्याने टाकून देते. फिडोनेटमध्ये मात्र चर्चेची वाटणी फांद्यांसारखी असते, प्रत्येक नोडला ती एकाच अपलिंककडून मिळते आणि वाटेत कुठेही वर्तुळ नाही, असे धरून चाललेले असते. सीन-बाय छोट्या वर्तुळांपुरते संरक्षण देते, पण त्यात फक्त नेट आणि नोड यांचे आकडे असतात, झोनचा (जाळ्याच्या सर्वांत मोठ्या विभागाचा) नसतो. म्हणून एका झोनमधून दुसऱ्यात जाताना ही यादी पुसून नव्याने सुरू करावी लागते आणि तेवढ्यापुरते संरक्षणही तिथेच संपते. गेटवेमधून जातानाही हेच घडते. ज्या जाळ्यात वर्तुळे असणे हा नियम आहे, ते जाळे आपण ज्या जाळ्यात वर्तुळ असणे हा अपघात आहे त्याला जोडत असतो. त्यातून दुसऱ्या कुणीतरी त्याच चर्चेसाठी दुसरा गेटवे उघडला, की वर्तुळ पूर्ण झालेच म्हणून समजा.

आधी गळती बंद करा, मग दोन प्रती शेजारी ठेवा

निदान करण्याआधी त्या चर्चेची वाहतूक एकतर्फी करावी. फिडोकडून न्यूजकडे जाणारी दिशा बंद ठेवून उलटी चालू ठेवली तरी वाचकांची फारशी गैरसोय होत नाही. बाहेर पडण्याच्या रांगेत साठलेली पॅकेट्स तपासल्याशिवाय सोडू नयेत आणि अपलिंकला दोन ओळींचा नेटमेल टाकून कळवावे. पूर्वी ही निव्वळ शिष्टाचाराची बाब नव्हती, कारण प्रत्येक डुप कुणाच्या तरी घरच्या लांब पल्ल्याच्या टेलिफोन बिलावर चढत असे. ज्या हबकडून पुढे पन्नास नोडना वाटप होई, तिथे एक फिरता संदेश पन्नास वेळा फिरे.

मग मूळ संदेश आणि त्याची डुप या दोन्ही कच्च्या स्वरूपात उघडाव्यात. संपादकात कंट्रोल ओळी सहसा लपवलेल्या असतात, कारण त्या आस्की १ या अक्षराने सुरू होतात. त्या दाखवण्याची सोय आधी चालू करावी. समजा पहिल्या प्रतीत एमएसजीआयडीपुढे ‘१:९९९/१० ४एफ२ए९१सी०’ असे आहे आणि पाथमध्ये १०, १ आणि ५० हे नोड आहेत. दुसऱ्या प्रतीतही एमएसजीआयडी अगदी तीच असून फक्त पाथ वेगळा असेल, तर गेटवे निर्दोष आहे. कुणीतरी एकाच चर्चेसाठी दोन अपलिंक लावले आहेत, आणि त्याचा उपाय दोन्ही पाथ जिथे फुटतात त्या नोडच्या सिसॉपशी बोलणे हा आहे.

दुसऱ्या प्रतीत एमएसजीआयडीपुढे आपल्या गेटवेचाच पत्ता दिसला, उदाहरणार्थ ‘१:९९९/५०’ आणि पुढे भलताच क्रमांक, तर संदेश फिडोतून बाहेर जाऊन न्यूजच्या वाटेने परत आत आलेला आहे. दहापैकी आठ तक्रारी या प्रकारातल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. दोन ओरिजिन ओळी हा त्याचाच ठळक पुरावा असतो: पहिली मूळ लेखकाच्या बीबीएसची, दुसरी परत आत घेणाऱ्या गेटवेची.

तिसरा प्रकार फसवा आहे. एमएसजीआयडी तीच, पाथही जवळपास तोच, पण तारीख कित्येक महिने जुनी असते. कुणीतरी डिस्क बिघडल्यावर जुना संदेशसाठा परत बसवला आणि तो ‘अजून न पाठवलेला’ समजून बाहेर गेला, असे इथे बहुधा झालेले असते. डुपची नोंदवही मोठी असण्याचा खरा उपयोग असेल तर तो इथेच आहे. एफटीएस-०००९ म्हणते की एकाच पत्त्यावरून तोच क्रमांक तीन वर्षांत पुन्हा वापरू नये, आणि आरएफसी १०३६ दोन वर्षांची शिफारस करते; नोंदवही काही हजार संदेशांचीच असेल, तर गजबजलेल्या चर्चांमध्ये ती तीन आठवडेही पुरत नाही.

ओळख संदेशातून निघाली पाहिजे

मुख्य दुरुस्ती अशी. फिडोचा संदेश बाहेर जाताना त्याचा मेसेज-आयडी गेटवेच्या घड्याळातून किंवा चालू क्रमांकातून तयार न करता एमएसजीआयडीतूनच तयार करावा. पत्ता आणि क्रमांक दोन्ही जसेच्या तसे घ्यावेत, आयडीत न चालणारी विसर्गचिन्हे आणि तिरक्या रेघा ठरावीक पद्धतीने सांकेतिक करून लिहाव्यात, आणि @ नंतर सर्व गेटवेंना सामायिक असे एकच डोमेन लावावे. फिडोगेटसारख्या प्रणाली हेच करतात आणि त्यामुळे एकच संदेश दोन वेगळ्या गेटवेंमधून बाहेर पडला तरी यूझनेटच्या दृष्टीने तो एकच राहतो. क्रमांकातील अक्षरांचे लहान-मोठे रूप बदलू नये, कारण तेवढ्यानेही दोन आयडी वेगळे ठरतात.

जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या संदेशात एमएसजीआयडी नसेल तर लेखक, विषय, तारीख आणि मजकूर यांवरून चेकसम (पडताळणीचा आकडा) काढून आयडी बनवावा लागतो. त्या हिशोबातून सीन-बाय, पाथ, टेअर ओळ आणि ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा कटाक्षाने वगळाव्यात, कारण त्या प्रत्येक वाटेवर बदलतात. तारीख घेताना ती हेडरमध्ये आहे त्याच अक्षरांत घ्यावी. फिडोच्या मूळ हेडरमध्ये टाइमझोन नाही, आणि गेटवेने ‘सुधारणा’ म्हणून तिच्यात साडेपाच तास मिळवले किंवा वजा केले तर हिशोब कोसळतो.

उलट्या दिशेने, न्यूजमधला लेख आत येताना मूळ मेसेज-आयडी कंट्रोल ओळीत पूर्ण जपून ठेवावा आणि एमएसजीआयडीचा आठ अंकी क्रमांक त्याच्या चेकसमवरून काढावा. याच टप्प्यावर एक तपासणी अत्यावश्यक आहे: आत येणाऱ्या लेखाचा मेसेज-आयडी आपल्याच सूत्राने फिडोच्या एमएसजीआयडीत उलगडत असेल, तर तो लेख मुळात फिडोचाच आहे आणि त्याला आत घेऊच नये. शिवाय लेख बाहेर सोडताना न्यूजच्या पाथमध्ये सर्व गेटवेंनी ठरवलेले एक सामायिक, काल्पनिक यंत्रनाव घालावे. न्यूज सॉफ्टवेअर पाथमध्ये ज्याचे नाव आधीच आहे त्याला लेख पुन्हा देत नाही. आपल्या गेटवेचा फीड (न्यूजकडून येणारा लेखांचा पुरवठा) त्या नावाला बांधला, की दुसऱ्या गेटवेने बाहेर काढलेले फिडोचे लेखही आपल्याकडे आत यायचे थांबतात. हे दोन्ही उपाय एकाच वेळी ठेवावेत. मेसेज-आयडी बदलणारी प्रणाली वाटेत कुठेतरी भेटतेच, आणि पाथ कापणारीही भेटते, पण एकाच संदेशाला दोन्ही सहसा भेटत नाहीत.

परत आत आलेल्या मजकुरातली जुनी टेअर आणि ओरिजिन ओळ निष्प्रभ करणे हेही गेटवेचेच काम आहे. मधली आडवी रेघ बदलून अधिकचे चिन्ह घालणे आणि ओरिजिनपुढचा तारा बदलणे एवढे पुरते. हे न केल्यास काही टॉसर पहिल्या ओरिजिन ओळीवरच संदेश संपला असे मानून खालचा भाग टाकून देतात.

डुप नसलेला संदेश डुप ठरतो तेव्हा

याची उलट तक्रारही येते: न्यूजमधला लांब लेख फिडोकडे अर्धाच पोहोचतो. कित्येक जुन्या टॉसरना मोठा संदेश पचत नसे, म्हणून गेटवे त्याचे तुकडे करतो. फिडोच्या पॅकेटमध्ये विषयासाठी ७२ आणि नावासाठी ३६ बाइटच असतात, तेव्हा विषयाच्या शेवटी जोडलेला ‘२/३’ हा तुकड्याचा क्रमांकच नेमका कापला जातो. सगळ्या तुकड्यांचे लेखक, विषय आणि सेकंदापर्यंतची वेळ एकच झाली, आणि पुढचा टॉसर फक्त हेडरच्या चेकसमवर डुप ओळखत असला, की पहिला तुकडा राहतो आणि बाकीचे कचऱ्यात जातात. तुकड्याचा क्रमांक विषयाच्या सुरुवातीला घालावा, प्रत्येक तुकड्याच्या वेळेत एकेक सेकंद वाढवावा, आणि एमएसजीआयडी मूळ आयडी अधिक तुकड्याचा क्रमांक यांवरून काढावी. वेळ बदलू नये असे वर म्हटले आणि इथे बदलायला सांगतो आहे, हे खरे. पण इथे ओळख मूळ आयडीवरून ठरते, वेळेवरून नाही.

क्यूडब्ल्यूके पद्धतीच्या जाळ्यांशी जोडणी असेल तर प्रश्न अधिक अवघड होतो. तो साचा मुळात ऑफलाइन वाचनासाठी बनला: १२८ बाइटचे ठोकळे, नाव आणि विषय २५ अक्षरांचे, आणि ओळखीसाठी हेडरमध्ये जागाच नाही. तिथे मूळ आयडी मजकुराच्या पहिल्या ओळींत साध्या अक्षरांत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, आणि वाटेतला प्रत्येक सिसॉप ती ओळ ‘घाण’ समजून काढून टाकणार नाही अशी आशा बाळगावी लागते.

देवनागरी मजकूर पाठवणाऱ्यांसाठी

वरचे सर्व करूनही मराठी मजकुराची एक तक्रार उरते, आणि तिचे मूळ एका बाइटमध्ये आहे. एफटीएस-०००१ या फिडोच्या पायाभूत मानकानुसार ८डी हा बाइट (इथले बाइट हेक्स, म्हणजे सोळा-आधारी, अंकांत लिहिले आहेत) म्हणजे ‘मऊ’ ओळबदल, आणि वाचणाऱ्या प्रणालीने त्याकडे दुर्लक्ष करावे. ही वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रामच्या काळाची खूण आहे: ०डी या ओळबदलाचा वरचा बिट चढवला की ८डी होतो. रशियन फिडोनेटमध्ये यामुळे एक प्रसिद्ध पंचाईत झाली. तिथल्या सीपी८६६ संकेतात ८डी हे मोठ्या ‘एन’ ध्वनीचे अक्षर होते आणि टॉसर ते गिळत. लोक त्याच्या जागी तसेच दिसणारे रोमन एच लिहू लागले.

आपल्याकडे हाच बाइट अधिक मर्मावर बसतो. यूटीएफ-८मध्ये हलन्ताचे चिन्ह ई०, ए५, ८डी अशा तीन बाइटनी लिहिले जाते. तिसरा बाइट गिळला गेला की प्रत्येक जोडाक्षर मोडते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात ष आणि ट यांच्यामध्ये एक आणि ट आणि र यांच्यामध्ये दुसरी अशा प्रश्नचिन्हाच्या दोन चौकटी उमटतात, तर ‘काका’ किंवा ‘माझा’ हे शब्द धडधाकट पोहोचतात. त्यामुळे तक्रार करणारा सांगतो की ‘काही काही शब्दच बिघडतात’, आणि गेटवेवाला फॉन्ट तपासत बसतो. भारतीय लिपींसाठीच्या १९९१च्या इस्की मानकात लिहिलेला मजकूर या खड्ड्यातून सुटतो, कारण त्याची अक्षरे ए१च्या पुढे सुरू होतात. पण तोच मजकूर क्यूडब्ल्यूकेमधून गेला तर तिथे ओळ संपल्याची खूण ई३ या बाइटने करतात, आणि इस्कीत ई३ म्हणजे अर्धचंद्राची मात्रा. ‘बॅट’ लिहिले की ब एका ओळीवर आणि ट दुसऱ्या ओळीवर. यूटीएफ-८ देवनागरीत मात्र ई३ येतच नाही, त्यामुळे जे फिडोत मरते ते क्यूडब्ल्यूकेत तरते आणि जे फिडोत तरते ते क्यूडब्ल्यूकेत मरते.

उपाय दोन आहेत. आपल्या टॉसरमध्ये आणि संपादकात ८डी न गाळण्याची सोय असेल तर ती चालू करावी; पण वाटेतल्या एकाही नोडवर ती बंद असेल तर उपयोग शून्य, आणि तो नोड सापडवायला पुन्हा पाथच वाचत जावे लागते. तशी खात्री नसेल तर गेटवेने फिडोकडे जाणारा मजकूर सात बिटांच्या सुरक्षित संकेतात बांधावा आणि पलीकडच्या गेटवेने तो सोडवावा. मधल्या बीबीएसवर थेट वाचणाऱ्याला तो अगम्य दिसेल, हे मान्य करूनच. जिथे बहुतेक वाचक थेट बीबीएसवरच आहेत अशा चर्चेत मी हे करणार नाही. तिथे रोमन लिपीतले मराठीच बरे.

चाचणीसाठी ‘महाराष्ट्र’ आणि ‘बॅट’ हे दोन शब्द, ८० अक्षरांचा विषय आणि तुकडे पडतील एवढा लांब मजकूर असलेला एकच संदेश दोन्ही टोकांकडून पाठवावा. तो पलीकडे एकदाच पोहोचला, दोन्ही बाजूंच्या आयडी एकमेकांत उलगडल्या आणि पूर्ण एक फेरीची वेळ उलटूनही आपल्याकडे परत आला नाही, की बंद ठेवलेली दिशा उघडावी. पहिल्यांदा एकाच, कमी वर्दळीच्या चर्चेसाठी.